हात टेकायला जागा

लिएपायात आधी वारा येतो, मग माणूस.
म्हणून आमच्या नोंदणी कार्यालयाचं दार
एवढं जोरात आपटायचं.
बावीस वर्षं मी काउंटरच्या आत.
जन्म, लग्न, मृत्यू,
तिन्हींना एकच खिडकी, एकच पेन
आणि पेनाला साखळी.

फेब्रुवारीत कॉलेजची तीन पोरं आली,
इंटिरियर शिकणारी. सत्राचा प्रकल्प.
दोघांनी लेझरनं खोली मोजली,
भिंतींचे फोटो काढले, कॉफी प्यायली, गेले.
तिसरी, विनेता, रोज येऊन नुसती बसायची.
काय लिहितेस गं, मी विचारलं.
लोक कुठे बघतात ते, म्हणाली,
आणि वही माझ्याकडे फिरवली:
फरशी, एकोणचाळीस. स्वतःचे बूट, सव्वीस.
दार, बारा.
तुम्ही, तीन.

तीनच?
मला जरा रागच आला.

तिचे सर येऊन गेले. त्यांचं म्हणणं, दोन दारं करा,
जन्म इकडून, मृत्यू तिकडून, सरळ हिशेब.
आमच्याकडे फुलंही मोजूनच देतात,
आनंदाला विषम, दुःखाला सम,
मग माणसं वेगळी काढायला काय हरकत?
विनेता नाही म्हणाली.
का, ते तिला नीट सांगता आलं नाही.
कान मात्र लाल झाले होते.

तिनं जे केलं ते सांगायला फारसं नाही.
दाराच्या चौकटीला नमद्याची पट्टी.
बाकाला जरासा बाक,
शेजारचा दिसावा, पण दिसलाच पाहिजे असं नाही, इतपत.
पेनाची साखळी काढली
(पहिल्याच आठवड्यात चार पेनं गेली,
ती मी पदरच्या पैशानं आणली).
आणि काउंटरला बाहेरून, पोटाच्या उंचीवर,
वीतभर रुंद एक बर्चची फळी.
ही कशाला?
हात टेकायला.
झेंटा, आमची सफाईवाली, वैतागली:
धूळ बसायला आणखी एक जागा!

परीक्षकांनी म्हणे विचारलं, यात डिझाइन कुठं आहे?
दहापैकी सहा.
त्या दोघांच्या काचेच्या कमानीला नऊ;
कमान अजून कागदावरच आहे.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबरात, माझी आई गेली.
घरच्याची नोंद आपण करायची नाही, असा नियम.
म्हणून कोट घालून मी बाहेरून आले
माझ्याच खोलीत, चिठ्ठी घेऊन, नंबर सतरा.
दार पाठीमागे गुपचूप मिटलं.
बाकावर बसलं की खिडकीतलं लिंडनचं झाड दिसतं,
हे बावीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं.
पलीकडच्या टोकाला एक जोडपं, कापडात गुंडाळलेलं बाळ,
आणि नावावरून दबक्या आवाजात भांडण.
त्याला आजोबांचं नाव हवं होतं, तिला नको.
ऐकता ऐकता मला कळलं,
हातातलं पाकीट मी किती चुरगाळलंय.

सतरा.
माझ्या खुर्चीत डायगा.
तिनं आईचं माहेरचं आडनाव विचारलं, जे तिला पाठ होतं.
मी फरशीकडे पाहिलं. मग बुटांकडे.
(लिहून घ्यायला कोणी नव्हतं.)
हातमोजे काढले, पाकीट काढलं, ठेवायचं कुठे,
तर फळी होती.
मनगटं आपोआप तिच्यावर आली.
लाकूड दोन जागी काळवंडलेलं,
बरोबर जिथं माझे हात होते तिथंच.
एवढ्या लोकांना मी आतून म्हटलं असेल,
पुढे या, सही इथे.
आतून ही फळी दिसतच नाही.

सही केली. डायगाच्या डोळ्यांत पाहिलं की नाही,
आठवत नाही.
घरी पोचल्यावर कोटाच्या खिशातून
कार्यालयाचं पेन निघालं.